जर्सीला शोभतं, पत्रकाला नाही

प्रश्न : महाल भागात आमचं कबड्डीचं मंडळ आहे. यंदा नवी जर्सी, मैदानाबाहेर मोठा बोर्ड आणि स्पर्धेचं पत्रक करायचं आहे. पोरांनी एक कोनदार, पट्टीनं आखल्यासारखं अक्षर पसंत केलं. मंडळाच्या नावात घ, ड, ळ येतात. तिन्हीकडे तोच फॉन्ट वापरला तं चालेल का?
– एक कार्यकर्ता, नागपूर

उत्तर : भाऊ, जर्सीवर बिनधास्त वापरा. खेळाचं आणि या अक्षराचं नातं जुनं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या जर्सींवर अशीच कोपरे छाटलेली ठोकळेबाज अक्षरं असतात. कापडातून सरळ कडा कापणं सोपं, आणि मैदानात ती लांबून दिसतात.

फरक आपल्या लिपीत पडतो. इंग्रजी ओ चौकोनी केला तरी ओच राहतो. आपले ग, प, म निम्मे आधीच सरळ आहेत: वर शिरोरेषा, बाजूला उभा दंड. पण ट, ड, द, ह, ळ यांना टेकायला दंडच नाही, सगळं अंग वळणाचं. ड चं वळण तुकड्या-तुकड्यांत मोडलं की तो इ कडे झुकायला लागतो. ळ चे दोन गोळे दोन डबे होतात, मधली कंबर जाड राहिली तर खिडकीची जाळीच. घ आणखी नाजूक. घ ची शिरोरेषा सलग, ध ची डावीकडे तुटलेली. ती फट जाड अक्षरात बुजली की तुमचा घ आणि शेजारचा ध एकच. इतवारीत ब्रशनं पाट्या रंगवायचो तेव्हा ही फट मी मुद्दाम जास्तच मोकळी सोडायचो.

म्हणून नावाची मोठी प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून कुणा अनोळखी माणसाला वाचायला सांगा. पोरांना नको, त्यांना नाव पाठ आहे.

बोर्ड कशात कापणार, हे आधी ठरवा. राउटरचं, म्हणजे कोरून कापणाऱ्या यंत्राचं, बिट (पातं) गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा थोडा गोल राहणारच. अॅक्रिलिक लेझरवर कापलं तर कोपरा टोकदार निघतो. निऑनची पट्टी मात्र अशा कोनात वळत नाही, तिचा हट्ट सोडा. आपल्या लिपीचा एक फायदा घ्या: शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध कापता येतो, एकेक अक्षर सुटं ठोकत बसावं लागत नाही.

फॉन्ट विकत घ्यायचा नसेल तर गूगल फॉन्ट्सवर इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको, खंड आणि राजधानी फुकट आहेत. तिघेही चौकोनी बांध्याचे. तेको मथळ्यासाठीच केलेला. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेवढं टाइप करून बघा.

पत्रकात सामन्यांच्या वेळा, नियम, प्रवेश फी असा बारीक मजकूर असणार. तो ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्त’ फॉन्टमध्ये लावा. अध्यक्षांना आपलं नाव उठून दिसायला हवं असेल तर तेवढं कोनदार करा, बाकी कार्यकारिणी मुक्तमध्ये.