पर्वरीच्या बंगल्यासमोरच्या आंब्याला आणि गुलमोहराला रोज पाणी घालूनही उन्हाळ्यात पानं का गळतात? किती लिटर द्यावं?

‘रोज बुंध्यात घालतो’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. आमचा दादाही हेच करायचा.

डिचोलीला घरापुढे आजोबांनी लावलेली ओवळ आहे, म्हणजे बकुळ. चतुर्थीला अंगणात चिखल होतो म्हणून दादाने पेव्हर बसवले, थेट बुंध्याला भिडवून. मी नको म्हणत होतो. पुढच्या एप्रिलात शेंडे वाळायला लागले. मग रोज संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं पाणी, वर मूठभर युरिया. तहानेल्याला मिठातलं तोर, म्हणजे खारवलेली कोवळी कैरी, खायला द्यावी तसं ते.

मी सळी खुपसून बघितली. बोटभर ओल, खाली खडखडीत जांभा. आपल्या गोव्यात शंभर इंचांवर पाऊस पडतो, पण या जमिनीत तो टिकत नाही. ऑक्टोबरनंतर झाडाने मेपर्यंत कशावर काढायचं? आणि पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्यात नसतात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. तिथे तर पेव्हर.

एका शुक्रवारी दादा म्हापशाच्या बाजाराला गेला आणि मी पहारीने घेरातले पेव्हर उचकटले. घेराच्या कडेने उथळ आळं केलं, पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि नारळाची सोडणं चार बोटं अंथरली, बुंध्याला न टेकवता. दहा-बारा दिवसांतून एकदा, रात्री, बारीक धार तासन् तास सोडून ठेवायची. लिटर मोजू नका; सळी हातभर सहज आत गेली की पुरे. पातेरा जाळणाऱ्यांना तर काय म्हणावं! दादा अजून जाळतो. उन्हाळ्यात छाटणीही नको.

हां, नव्या रोपांना हे लागू नाही, त्यांना दोन-तीन दिवसांनी मुळाशीच पाणी लागतं. बुंध्यातून डिंक गळत असेल किंवा भोकं दिसत असतील, तर दुखणं पाण्याचं नाही. आणि गुलमोहर उन्हाळ्यात पानं टाकतोच, त्याची काळजी सोडा.

आमच्या ओवळीची एक फांदी गेली, बाकी झाड उभं आहे. दादा म्हणतो, मृगाच्या पावसाने वाचवलं. पालवी मे महिन्यातच फुटली होती. माझ्याकडे तारखेसकट फोटो आहे.