मित्राच्या डेस्कटॉप अ‍ॅम्पवर माझा हेडफोन जास्त छान वाजला. हा फरक खरा आहे का, आणि अ‍ॅम्पचा आवाज पारखायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की लातूरला घरी सेनहायझरचा एचडी ६०० मोबाईलच्या डोंगलवर (मोबाईलला हेडफोन जोडायच्या छोट्या तुकड्यावर) ऐकता. मित्राकडं तोच हेडफोन त्याच्या अ‍ॅम्पला, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, लावला आणि गाणं ‘उघडल्यासारखं’ वाटलं. आता हा फरक अ‍ॅम्पचा की मनाचा, अन् पैसे घालावेत का, असं विचारताय. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात आमच्याकडं. तुमचा हेडफोन जर्मन कंपनीचा आणि उत्तर परभणीतून येतंय, तेव्हा जोडी जमली म्हणा.

माझं पोट साउंड सिस्टीमच्या दुरुस्तीवर आहे. सप्ताहाची, लग्नाची, जयंतीची मशीनं टेबलावर येतात. कुणाचा आवाज फाटतो, कुणाची एक बाजू बंद. दिवसभर ते ऐकल्यावर रात्री हेडफोनवर गाणं ऐकणं हा माझा विसावा. म्हणून खाली जे लिहितोय त्यात दुरुस्तीवाल्याचा संशयी स्वभाव उतरणार, हे धरून चाला.

माझा पहिला संशय असा, की मित्राकडं आवाज मोठा होता. लई मोठा असायची गरज नाही. अर्धा-एक डेसिबलचा फरक असला तरी पुरतो, कारण एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळतच नाही. तो ‘खुला’, ‘भरीव’, ‘बारकावे दाखवणारा’ असा कळतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं, की लहान आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवत नेला की तेच सूर बाकीच्यांपेक्षा झपाट्यानं भरून येतात. म्हणजे नॉब जरासा पुढं सरकला की बेस आपोआप वाढला असं वाटणार. अ‍ॅम्पनं त्यात काहीच केलेलं नसतं. विकणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते, म्हणून दुकानात महागाचा अ‍ॅम्प कधी हळू वाजत नाही.

त्यात मित्राच्या अ‍ॅम्पला ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड सॉकेट (डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं) असेल आणि त्यानं त्यातून ऐकवलं असेल, तर बघायलाच नको. बॅलन्स्डमधून बहुतेक अ‍ॅम्प साध्या सॉकेटच्या दुप्पट व्होल्टेज देतात. नॉब जागेवरच, आणि आवाज ६ डेसिबल जास्त. लोक केबल बदलतात, नॉबला हात लावत नाहीत आणि बॅलन्स्डची तारीफ करत सुटतात.

तेव्हा आवाज सारखा केल्याशिवाय दोन अ‍ॅम्पची तुलनाच करायची नाही. हे काम कानाचं नाही, मीटरचं आहे. ३०० हर्ट्झचा एक सलग टोन मोबाईलमध्ये घ्या. हेडफोन कानावरून काढा, पण जोडलेलाच राहू द्या. स्प्लिटर (एका सॉकेटाची दोन करणारी जोडणी) लावून दुसऱ्या टोकाला मल्टीमीटरनं एसी व्होल्टेज बघा. एका अ‍ॅम्पवर ०.३०० व्होल्ट आलं तर दुसऱ्याचा नॉब फिरवून तो ०.३०३ च्या पुढं जाणार नाही असा बसवा. एक टक्क्याच्या आत आलात म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत आला. आता एक खोच. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो स्वस्त पिवळा डीटी-८३०डी मीटर इथं कामाचा नाही. त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची आहे, ०.३ आणि ०.४ एवढंच दाखवेल. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर लागतो. कुणा टीव्ही-मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा.

मग घरातल्या कुणाला तरी बसवा, नाणं उडवून अ‍ॅम्प बदलायला सांगा, आणि तुम्ही तोंड भिंतीकडं करून बसा. तुकडा दहा-पंधरा सेकंदांचाच हवा आणि बदल पटकन व्हायला हवा, कारण आवाजाच्या पोताची आठवण कानात फार वेळ टिकत नाही. चहा घेऊन आल्यावर ‘मघाशी जास्त गोड होता’ म्हणणं म्हणजे नुसती बडबड. १६ वेळा विचारलं आणि १२ किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखलंत, तर नुसत्या अंदाजानं तसं जमायची शक्यता ४ टक्क्यांच्याही खाली असते. तेव्हा फरक आहे म्हणायला हरकत नाही. आठ-नऊच बरोबर आले तर पैसे खिशात ठेवा. मी ओळखीच्या बऱ्याच जणांना असं बसवलंय. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे छाती ठोकून सांगतात, नंतर गप्प होतात.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी सगळे अ‍ॅम्प सारखेच म्हणतोय. तसं नाही. तुमच्या बाबतीत तर फरक खरा असण्याचीच शक्यता जास्त आहे, फक्त तो ‘उघडल्यासारखं’ या शब्दात सापडायचा नाही, आकड्यात सापडेल.

एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. कंपनीच्या आकड्याप्रमाणं त्याला १ व्होल्ट दिला की ९७ डेसिबल आवाज येतो. बरेचसे साधे डोंगल पूर्ण आवाजात १ व्होल्टच्या आसपासच देतात. आजचं सिनेमाचं गाणं मुळातच दाबून मोठं केलेलं असतं, त्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा, म्हणजे सगळ्यात मोठ्या क्षणापेक्षा, आठ-दहा डेसिबलच खाली. ते या डोंगलवर कान बधिर करील इतकं वाजतं. पण एखाद्या जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावा. त्यात विलंबित आलाप शिखरापेक्षा वीस डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतो. म्हणजे डोंगल पूर्ण वाढवूनही आलाप पंच्याहत्तरच्या आसपासच, आणि वर जायला जागाच नाही. गाणं मिणमिणतं ऐकू येतं आणि दोष गायकाला लागतो. शिखराला ११० डेसिबल गाठायची सोय हवी असेल तर या हेडफोनला साडेचार व्होल्टच्या आसपास लागतात. वॅटमध्ये बघाल तर जेमतेम ६७ मिलिवॅट, कंपन्या जाहिरातीत मिरवतात त्या वॅटांच्या मानानं काहीच नाही. ३०० ओहमच्या हेडफोनला वॅटची नाही, व्होल्टेजची भूक असते. जाहिरातीतला वॅटचा मोठा आकडा बहुधा १६ किंवा ३२ ओहमवरचा असतो, तो तुमच्या कामाचा नाही.

ही भूक भागते की नाही हे ऐकून ओळखायला मी संबळ वापरतो. तुळजापूरला देवीपुढं किंवा कुणाच्या दारात गोंधळात, माइक नसताना, संबळ जवळून ऐकला असेल तर त्याची एक बाजू कशी घुमते आणि दुसरी कशी कडक टणकन् लागते हे तुमच्या अंगात बसलेलं असणार. चांगल्या ध्वनिमुद्रणात त्या कडक बाजूचा ठोका क्षणभरात प्रचंड उंच जातो. अ‍ॅम्पजवळ तेवढी उंची नसेल तर ठोक्याचा माथा सपाट होतो, टणकन् ऐवजी ‘टप्’ किंवा ‘चट्’ ऐकू येतं आणि त्याच क्षणी तुणतुण्याचा सूरही करवादतो. हा दोष समोर ठेवून एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. तानपुऱ्यावर हे कळणार नाही. तानपुरा दुसऱ्या कामाचा: जवारीची ती झणकार शांतपणे लांबत जाते, तिच्यामागं अ‍ॅम्पची सूऽऽ किंवा घूंऽऽ मिसळतेय का हे तिथं पकडता येतं. मोठ्या वाद्यवृंदात असलं काही सापडत नाही, सगळं झाकून जातं.

दुसरी खरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे हेडफोनच्या सॉकेटाकडून बघितल्यास अ‍ॅम्पच्या स्वतःच्या अडथळ्याची. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. तुमच्या एचडी ६०० चा १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्याही वर चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स एक-दोन ओहम असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्पमध्ये, ज्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, तो १०० ओहमपर्यंत असू शकतो. मग एचडी ६०० चा बेस मधल्या सुरांपेक्षा जवळपास १ डेसिबल वर येतो. ऐकणारा म्हणतो, काय ऊब आहे! ऊब आहेच, पण ती अ‍ॅम्प आणि हेडफोनच्या हिशेबातून आलेली. वरणात गूळ पडल्यासारखं; आवडलं तर खुशाल खावं, फक्त डाळ गोड आहे म्हणू नये. याच अ‍ॅम्पला ३२ ओहमचा, बेसमध्ये ६० ओहमपर्यंत चढणारा हेडफोन लावला तर हाच फुगवटा पावणेचार डेसिबलवर जातो आणि मृदंग डबा वाटायला लागतो. प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडं जवळपास सपाट असतो, त्यांना या भानगडीचा त्रास नाही. मला स्वतःला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प नको. एक तर चव मला ध्वनिमुद्रणाची हवी, आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात परभणीत टेबलावर शेगडी कोण पेटवणार?

मे महिना निघालाच आहे तर आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगतो, ज्या कुठल्याच परीक्षणात नसतात. एचडी ६०० मागून उघडा हेडफोन आहे, बाहेरचं सगळं आत येतं. खोलीत कूलर सुरू असेल तर पाण्याची टपटप आणि पंख्याची घरघर मिळून अ‍ॅम्पमधला कुठलाही बारीक फरक गिळून टाकतात. उन्हाळ्यात अ‍ॅम्पची परीक्षा घ्यायची तर पहाटे, कूलर बंद करून. नाहीतर हिवाळ्यापर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट विजेची. लाइट गेली की घरातला इन्व्हर्टर सुरू होतो, आणि तो स्क्वेअर वेव्हचा (लाइनसारखी गोलसर लहर न देता चौकोनी लहर देणारा) असेल तर अ‍ॅम्पमध्ये भुंगा शिरलाच म्हणून समजा. लोक अ‍ॅम्प घेऊन माझ्याकडं येतात, टेबलावर तो साफ वाजतो, घरी नेला की पुन्हा भुंगा. सरळ लाइनवरही घूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज थांबला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, खोट चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. आपल्याकडं पुष्कळ घरांत सॉकेटला तिसरं छिद्र असतं पण मागं वायरच नसते. वायर असली तरी मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठक्क पडतो, काळ्या मातीला भेगा जातात. त्यात दोन-चार बादल्या पाणी ओता. अ‍ॅम्पसाठी नाही, तर घरातल्या माणसांच्या जिवासाठी तरी ओता.

हे सगळं झालं पारखायचं. मजा घेणं वेगळं, आणि दोन्ही एकाच बैठकीत होत नाही. अ‍ॅम्प बदलत बदलत ऐकलेला राग मला आजवर कधी लागलेला नाही. एकदा मीटर लावून, ठोके तपासून झाले की ती वही बंद करावी. त्यानंतर अ‍ॅम्प चांगला आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून बघतो: माझा हात नॉबकडं किती वेळा जातो. आवाज कमी असतानाही आलापातले दम, तबल्याची शाई, श्रोत्यातली एखादी दाद ऐकू येत असेल, तर हात जात नाही. दर गाण्याला वाढवावंसं वाटत असेल तर काहीतरी कमी पडतंय, मग ते अ‍ॅम्पचं व्होल्टेज असो, कूलर असो किंवा दिवसभर डीजेपुढं उभे राहिलेले माझे कान असोत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. माझ्या धंद्यात ती दुपारच्या आतच संपते, म्हणून रात्री मी हळूच ऐकतो.

तुमच्यासाठी माझं मत सांगतो. डोंगलवरून एका साध्या, बेताच्या किमतीच्या अ‍ॅम्पवर जा. त्यापुढं मित्राच्या अ‍ॅम्पएवढं वर चढायची गरज नाही. नाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरनं २०११ मध्ये ‘ओ२’ हे डिझाइन मोजमापांसकट सगळ्यांपुढं उघडं ठेवलं होतं. ते ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्यांवर चालतं, म्हणजे लाइट गेली तरी भुंगा नाही. ते किंवा त्या धर्तीचं काहीही तुमच्या हेडफोनला पुरे. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: ३०० ओहमवर किती व्होल्ट मिळतात आणि आउटपुट इम्पीडन्स किती. ‘साउंड एकदम वॉर्म आहे सर’ असं उत्तर आलं तर दुकान बदला.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी हेडफोनचे पॅड दाबून बघा. दोन-चार वर्षं वापरून चपटे झाले असतील तर आवाज आधीच बदललेला असतो, आणि दोन बऱ्या अ‍ॅम्पमध्ये असतो त्याहून कितीतरी जास्त. नवे पॅड बसवून आठवडाभर ऐका, मग मित्राकडं मीटर घेऊन जा.