शोला पैसे मिळतात, हॉलच्या भाड्याला नाही

प्रश्न : नमस्कार, आम्ही सॅन होजेला मराठी मुलांचं नाटक आणि लेझीम असा छोटा ग्रुप चालवतो, ५०१(सी)(३) म्हणजे टॅक्स सूट असलेली ना-नफा संस्था म्हणून रजिस्टर्ड आहे, पगारी माणूस एकही नाही. नाटकासाठी ग्रँट मिळते पण तालमीच्या हॉलचं भाडं, इन्शुरन्स, ढोल-लेझीम ठेवायचं स्टोरेज दरवर्षी आमच्याच खिशातून. यासाठी कोणी पैसे देतं का, की मागणंच चूक आहे?
– एक ताई, सॅन होजे

उत्तर : ताई, अजिबात चूक नाही, उलट हेच मागायला हवं! याला ऑपरेटिंग ग्रँट म्हणतात, एका शोपुरती नाही तर संस्था वर्षभर चालावी म्हणून, त्यातून भाडं, इन्शुरन्स, अकाउंटंट सगळं भागवता येतं. पण ती छोट्यांपर्यंत फार कमी पोचते. हेलिकॉन कोलॅबोरेटिव्ह या कलाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या २ टक्के कला संस्थांकडेच देणग्यांचा जवळपास ६० टक्के पैसा जातो, मग ब्लॅक, लॅटिनो, नेटिव्ह, एशियन वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या छोट्या ग्रुपना काय उरणार? २०२० मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकाराने अशाच समाजांच्या संस्थांसाठी १५.६ कोटी डॉलर जाहीर झाले, खूप चांगलं झालं, पण देशपातळीच्या यादीत डान्स थिएटर ऑफ हार्लेम, ईस्ट वेस्ट प्लेयर्स अशी जुनी नावाजलेली मंडळी होती.

तुम्ही जवळून सुरुवात करा. सॅन होजेचं कल्चरल अफेअर्स ऑफिस, सांता क्लारा काउंटीत कलांना मदत करणारी एसव्हीक्रिएट्स ही संस्था, आणि स्टेटचं कॅलिफोर्निया आर्ट्स कौन्सिल, त्यांनी जनरल ऑपरेटिंग प्रोग्राम अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठीच आखला होता. प्रोग्राम सरकारी बजेटप्रमाणे बदलतात म्हणून फॉर्म भरायच्या आधी तिथल्या प्रोग्राम ऑफिसरला फोन कराच, ते नीट सांगतात, लाजू नका. फेडरल एनईएवर (नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स, कलांसाठीची केंद्र सरकारची संस्था) मात्र भिस्त ठेवू नका, त्यांचा पैसा प्रोजेक्टला असतो, वर तेवढीच रक्कम आपण उभी करायची, आणि छोट्यांना १०,००० डॉलर देणारी चॅलेंज अमेरिका योजना २०२५ मध्ये रद्द केली.

आता कागदपत्रं. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसला (फेडरल टॅक्स खात्याला) ९९०-एन हा छोटासा ऑनलाइन फॉर्म पुरतो, पण तो सलग तीन वर्षं भरायचा राहिला तर टॅक्स सूट आपोआप जाते, आणि मग ग्रँट विसराच. कमिटी बदलली की नेमकं हेच कोणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा आजच तपासा.

अर्जात भाडं लपवू नका. हॉलचे महिन्याचे किती, स्टोरेजचे किती, कोण स्वतःच्या खिशातून भरतंय, शिकवणाऱ्या पालकांचे वर्षाचे तास किती, सगळं आकड्यात लिहा. प्रोजेक्ट ग्रँट मागतानाही तालमीच्या भाड्याचा वाटा बजेटमध्ये धरा, बऱ्याच ठिकाणी चालतो. आणि ग्रँट मिळावी म्हणून दरवर्षी नवं काहीतरी काढायच्या मागे लागू नका, मुलं दर रविवारी येऊन मराठीत बोलतायत, नाचतायत हेच तुमचं काम आहे आणि पैसे त्याच्यासाठीच मागायचेत.