अँबॅसिडर: तेल मॅनिफोल्डमधून गळतंय असं वाटतं तेव्हा
भावा, मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी पट्टी, इतक्यात बदलू नकोस. १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधून तेल वाहतच नाही. बहुतेकदा गळतं ते त्याच्या मागे-खाली दडलेल्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या झाकणातून. आधी ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) साफ कर. तो तुंबला की आतला दाब तेल बाहेर ढकलतो, मग नवं गॅस्केटही टिकत नाही.

तरी गळलंच, तर कार्बोरेटर, मॅनिफोल्ड उतरव. कव्हर काचेवर ठेवून बघ, पत्रा वाकलेला असतोच की! हलक्या हातोडीनं सपाट कर. कॉर्क गॅस्केट कव्हरला चिकटव, इंजिन ब्लॉकची बाजू पेट्रोलनं पुसून कोरडी ठेव. बोल्टखालचं वॉशर नवं घाल आणि कॉर्क जेमतेम दबेल इतकंच आवळ. जोर लावलास की पत्रा पुन्हा वाकला.