बधिरता आणणारा स्प्रे : किती मारावा, कधी धुवावा?

प्रश्न : माझे वय 34 असून लग्नाला पाच वर्षे झाली आहेत. शीघ्रपतनासाठी मी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय मिळणारा लिडोकेनचा स्प्रे आणला. परिणाम नक्की व्हावा म्हणून आठ-दहा वेळा मारला. तेव्हा मला काहीच जाणवेनासे झाले, ताठरताही गेली आणि पत्नीला आत बधिरपणा व जळजळ जाणवली. हे औषध धोकादायक आहे का? रोज वापरले तर चालेल का?

उत्तर : तुम्ही पत्नीला झालेला त्रासही मोकळेपणाने लिहिलात हे फार बरे केलेत, कारण या औषधाचा विचार दोघांच्या शरीरांचा मिळूनच करावा लागतो. लिडोकेन त्वचेतील मज्जातंतूंकडून मेंदूकडे जाणारे संदेश काही काळ अडवते. संवेदना थोडी बोथट झाली की वीर्यपतन लांबते, पण ती पूर्णच नाहीशी झाली तर ताठरता टिकवणारी उत्तेजनाही संपते. तुमचे नेमके तेच झाले. औषध वाईट नव्हते, मात्रा जास्त होती.

प्रत्येक स्प्रेची तीव्रता वेगळी असते, म्हणून वेष्टनावरची कमाल मर्यादा आधी वाचावी आणि तिथे सांगितलेल्या सर्वांत कमी मात्रेपासूनच सुरुवात करावी. शिश्नाग्रावरची त्वचा मागे सरकवून औषध फक्त शिश्नाग्रावर लावावे, सांगितलेली मिनिटे थांबावे आणि संबंधापूर्वी साबण-पाण्याने स्वच्छ धुवावे. हात धुवायलाही विसरू नये, कारण बोटांवरचे औषध डोळ्यांत किंवा जोडीदाराच्या नाजूक भागावर सहज जाते. धुण्याची ही पायरीच बहुतेक जण घाईत गाळतात आणि मग पत्नीला तुम्ही लिहिलेला त्रास होतो. न धुता मुखमैथुन केल्यास तोंड व घसा बधिर होऊन ठसका लागू शकतो. लिडोकेन आणि तसेच बधिर करणारे प्रिलोकेन यांचे एकत्र क्रीम तर अर्धा-पाऊण तास ठेवल्यास ताठरता जाते असे आढळले आहे. तेव्हा ‘जास्त वेळ ठेवले तर जास्त गुण’ हा हिशेब इथे चालत नाही. निरोध वापरत असाल तर औषध त्याला चालते का, हे वेष्टनावर पाहावे, कारण तेलकट पदार्थांनी लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो.

जखम, पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल, पूर्वी भूल देण्याच्या औषधाची ॲलर्जी आली असेल, किंवा पत्नी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर औषध चालू असलेल्यांनीही आधी विचारावे. प्रिलोकेन आणि बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधांमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. जी६पीडी या लाल रक्तपेशींतील विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांनी ती टाळावीत. ओठ निळसर होणे, धाप लागणे, कानांत आवाज येणे, तोंडाभोवती मुंग्या, चक्कर किंवा झटके यांपैकी काहीही दिसले तर औषध धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

रोजच्या वापराबद्दल सांगायचे तर, वेष्टनावर दिलेली चोवीस तासांतील मर्यादा पाळावी आणि त्वचा लाल झाली किंवा जळजळ राहिली तर थांबावे. मला मात्र तुमच्याकडून आणखी एक गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते : हा त्रास पहिल्यापासून आहे की अलीकडचा? पहिल्यापासून असणाऱ्या शीघ्रपतनात वीर्यपतन सहसा साधारण एका मिनिटाच्या आत होते. आधी सगळे ठीक असून नंतर सुरू झाले असेल, तर ताठरतेची अडचण, थायरॉइड किंवा प्रोस्टेटची सूज हेही कारण असू शकते, आणि त्यावर स्प्रेचा उपयोग नाही. अशा वेळी, किंवा योग्य मात्रेतही गुण येत नसेल तर, मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. शक्य असल्यास पत्नीलाही सोबत न्यावे.