आत्याने परत जावं, हे कोण म्हणतं?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझी धाकटी बहीण आठ महिन्यांपासून माहेरी आहे. नवऱ्याने हात उचलला, पगाराच्या खात्याचं कार्ड काढून घेतलं, म्हणून आली. आता त्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा लावलाय, तिने नांदायला यावं म्हणून. समन्स आलं त्या रात्री घरात वाद झाला. अप्पा म्हणाले, "लग्न हा संस्कार आहे. शास्त्र सांगतं तेच कायदा सांगतोय. परत जा." माझा मुलगा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "कायदा म्हणजे सत्तेचा हुकूम. चांगला की वाईट हा प्रश्नच त्यात येत नाही. हुकूम झाला तर आत्याला जावंच लागेल." दोघांचे रस्ते वेगळे, पण पोचले एकाच दाराशी. बहीण काहीच बोलली नाही. यात खरं कोणाचं?
– एक भाऊ

उत्तर : बहीण काहीच बोलली नाही, या वाक्यापाशी मी थांबले. म्हणून आधी तिच्यासाठी लिहिते. तिला कोणीही उचलून नेणार नाही. दावा तिच्याविरुद्ध गेला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ प्रमाणे नवरा दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणण्याचा अर्ज, लावून फार तर तिच्या मालमत्तेवर जप्ती मागू शकतो. तिला अटक होत नाही. हे आजच सांगा. माझी एक अशील निकालाच्या तारखेला कपड्यांची पिशवी भरूनच आली होती. निकाल लागला की इथूनच सासरी पाठवतील, अशी तिची समजूत. ती पिशवी तिने दिवसभर मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता अप्पा. नवराबायकोने एकत्र राहावं असा उपदेश शास्त्रात भरपूर आहे. पण न नांदणाऱ्या जोडीदारावर दावा लावून न्यायाधीशाकडून हुकूमनामा मिळवायचा, ही रीत इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतली. ब्रिटिश न्यायाधीशांनी ती इकडे आणली. रुखमाबाईंचा खटला अप्पांनी ऐकला असेल. अकराव्या वर्षी लग्न झालं, त्या कधी नांदायला गेल्या नाहीत आणि १८८४ साली दादाजी भिकाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जी बाई कधी नांदायलाच गेली नाही तिला जबरदस्तीने पाठवायला हिंदू कायद्यात आधार नाही, आणि इंग्लिश कायदाही तितका पुढे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. अपिलात ते टिकलं नाही. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला: जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्या डॉक्टर झाल्या.

तीच रीत १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून बसली. इंग्लंडने स्वतः १९७० च्या कायद्याने ती मोडीत काढली. अप्पा ज्याला शास्त्र समजून मान तुकवतात त्याचं मूळ गाव हे. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, म्हणूनच सांगते, तिच्यावर हे ओझं घालू नका. ते तिचं नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. इंग्रज कायदेपंडित जॉन ऑस्टिनने १८३२ साली मांडलं की कायदा अस्तित्वात असणं ही एक गोष्ट आणि तो चांगला असणं ही दुसरी. वर्गात हे शिकवतात, पोरं पाठ करतात, आणि त्यातून नेमकं उलटं घेऊन बाहेर पडतात: कायदा आहे ना, मग चांगलावाईट बोलायचंच नाही. अहो, त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या त्या बोलता यावं म्हणूनच! ऑस्टिनच्या आधी इंग्रज विचारवंत बेंथमने १७७६ मध्ये चांगल्या नागरिकाचं ब्रीद सांगितलं होतं: वेळेवर पाळा आणि मोकळेपणाने टीका करा. तो कायदे बदलायला निघालेला माणूस होता. कायदा आणि नीती एकच मानली की वाईट कायद्यालाही पावित्र्य चढतं. अप्पांचं तेच झालंय.

आणि कायदा म्हणजे निव्वळ हुकूम, हेही पुरं नाही. १९६१ मध्ये हार्ट या इंग्रज कायदेपंडिताने विचारलं, पिस्तूल रोखून पैसे मागणारा आणि कर मागणारा अधिकारी यांत फरक काय? धमकी दोन्हीकडे आहे. पण अधिकाऱ्यामागे नियम असतात, ते नियम ओळखायचे आणखी नियम असतात, आणि व्यवस्था चालवणारी माणसं ते बांधील समजून मानतात. शिवाय नियम शब्दांत असतो आणि शब्दांच्या कडा धूसर असतात. कलम ९ मध्ये ते धूसर शब्द आहेत 'वाजवी कारणाशिवाय'. जोडीदार वाजवी कारणाशिवाय दूर झाला असेल तरच दावा चालतो. आता बघा, १९६४ मध्ये पंजाब हायकोर्टाला दुसऱ्या गावातली बायकोची नोकरी हे वाजवी कारण वाटलं नाही. १९७८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला: घर कुठे करायचं हे ठरवायचा हक्क एकट्या नवऱ्याचा नाही. कलमातले ते शब्द तेच होते. तुमच्या मुलाचा हुकूम कोर्टात पोचेपर्यंत पुरा झालेलाच नसतो. त्याला हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायला सांगा.

हे कलम मला चुकीचं वाटतं, तीस वर्षं वाटत आलंय. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने सरिता खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं, कारण स्त्रीच्या शरीरावरचा तिचा अधिकार त्याने शासनाच्या हाती जातो. तो निकाल वाचला तेव्हा मी वकिलीत नवी होते, आणि रडले होते. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं: संसार मोडू नये यासाठी हा एक प्रयत्न आहे, असं म्हणून. त्यामुळे कलम ९ आज कायदा आहे. तो वाईट कायदा आहे असं माझं मत आहे. ही दोन वाक्यं मी एका दमात म्हणू शकते, ते ऑस्टिनमुळे. मात्र पहिलं वाक्य खरं असल्यामुळे समन्स फाडून टाकून चालणार नाही.

तेव्हा तारखेला हजर राहा, नाहीतर एकतर्फी, म्हणजे तिची बाजू न ऐकताच, हुकूमनामा होईल. वकील लावून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्या. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. याच कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा, म्हणजे दावा चालू असतानाच्या खर्चाचा, अर्ज त्याच दाव्यात करता येतो. एका गोष्टीची सावध नोंद घ्या: हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. नांदायला ये म्हणणाऱ्या कित्येक नवऱ्यांना मी फक्त ते वर्ष मोजताना पाहिलंय. म्हणून दावा हलका घेऊ नका.

आणि दूर होण्याचं कारण वाजवी होतं हे दाखवायची जबाबदारी कायद्याने घर सोडणाऱ्यावर टाकली आहे. मारहाणीनंतर डॉक्टरांकडे गेली असेल तर तो कागद, बँकेचं स्टेटमेंट, त्या दिवसांत तुम्हाला पाठवलेले मेसेज, सगळं एका फाइलमध्ये लावा. वकिलाकडे तुम्ही सोबत जा, पण तिथे बोलू द्या तिला. आठ महिन्यांत तिचं कारण तिच्या तोंडून पुरतं कोणी ऐकलेलं नसावं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.