इंग्रजीच्या तासाला तीच चार मुलं उत्तरं देतात, बाकीची गप्प बसतात. काय करावं?

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलंत की बाकीचा वर्ग सुटतो. प्रश्नानंतर निदान तीन सेकंद तळहात दाखवून सगळ्यांना थांबवा, नाहीतर हुशार मुलं ओरडून मोकळी होतात. मग नजर मागच्या बाकांकडे न्या आणि उघड्या तळहाताने एकाला बोलवा. बोट रोखू नका, मूल बिचकतं.

चुकलं तर लगेच बरोबर वाक्य सांगू नका. 'ही गो टू स्कूल' आलं, तर बोटांवर एकेक शब्द मोजा आणि दुसरं बोट धरून ठेवा. 'गोज' बहुतेकदा मूल स्वतःच म्हणतं. मोजणी मात्र तुमच्या उजवीकडून सुरू करा, नाहीतर समोरच्या मुलांना वाक्य उलटं दिसतं!